नुकसान कुणाच्या नावे?

बँकेत नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कनी मला एक धडा दिला होता. "जमाखर्चात पैसा हरवत नसतो. ज्याचा पत्ता लागत नाही, तोसुद्धा संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी नावे टाकावाच लागतो." रोकड कमी भरली की ती कॅशियरच्या नावे पडायची. चूक त्याची होती की घाईत जादा नोट घेऊन गेलेल्या ग्राहकाची, हा वाद दुसऱ्या दिवशी. खातेवही मात्र त्याच दिवशी जुळलीच पाहिजे.

या पुस्तकाचा सगळा विषय त्या एका वाक्यात मावतो. फसवणुकीत गेलेला पैसा चोर सापडून परत मिळाला तर प्रश्नच मिटला. पण बहुतेकदा तो मिळत नाही. मग तो नावे टाकायचा कुणाच्या? ज्याचे खाते रिकामे झाले त्याच्या, त्याच्या बँकेच्या, चोराला खाते उघडून देणाऱ्या दुसऱ्या बँकेच्या, कागद न तपासता डुप्लिकेट सिमकार्ड देणाऱ्या मोबाईल कंपनीच्या, की पैसे घेऊन खोटी जाहिरात दाखवणाऱ्या समाजमाध्यमाच्या?

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल काउंटरवरच लागतो, तोही एका वाक्यात: "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" दिला असेल तर विषय संपला.

निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या माणसांबरोबर बँकेत आणि सायबर पोलीस ठाण्यात जाण्याचे प्रसंग माझ्यावर बरेच आले. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका. तीन दिवस त्यांना व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवले होते. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः शाखेत गेल्या, मुदतीच्या आधी सगळ्या ठेवी मोडल्या आणि परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीच्या चालू खात्यावर आरटीजीएस केले. आयुष्यात पहिल्यांदा केलेले आरटीजीएस. काउंटरवर कुणी एक शब्द विचारला नाही. नंतर व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर सही तुमचीच आहे." सही त्यांचीच होती, हे खरेच. पण ज्या खात्यात पैसे गेले ते महिनाभरापूर्वीच उघडलेले होते आणि पैसे पोचल्यावर काही तासांत रिकामे झाले होते. त्या खात्याच्या फॉर्मवर कुणाची सही होती, ते कुणी तपासले होते, हे त्या बाईंना विचारायला जागाच नव्हती. त्या दिवशी शाखेच्या पायऱ्या उतरताना हे पुस्तक लिहायचे मी ठरवले.

लिहायला बसलो आणि लक्षात आले की हा प्रश्न नवा नाही. चेकच्या काळात आपण तो सोडवलेला होता, आणि चांगला सोडवलेला होता.

१८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याखाली वाढलेल्या बँकिंगमध्ये एक नियम पक्का होता. खातेदाराची सही खोटी असेल तर तो चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे, आणि आदेश नसताना दिलेले पैसे बँकेने स्वतःचे दिले असे धरायचे. म्हणून तर आम्ही नमुना सहीचे कार्ड काढून वेलांटी न् वेलांटी ताडून पाहायचो. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात हा नियम किती लांब जातो ते दाखवले. कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्या करून काही वर्षांत ४२ चेक वटवले होते. सव्वातीन लाखांहून अधिक रक्कम गेली. चेकबुक त्याच्याच ताब्यात असायचे. बँकेने युक्तिवाद केला की तुमचाच माणूस, तुमचेच चेकबुक, वर्षानुवर्षे खात्याचे उतारे तुमच्याकडे येत होते, तरी तुम्ही गप्प बसलात. न्यायालयाने तो मानला नाही. ग्राहकाच्या निव्वळ निष्काळजीपणामुळे खोट्या सहीची खरी सही होत नाही. पैसे बँकेने भरायचे. आजच्या "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" शेजारी हा निकाल ठेवून पाहा.

याच कायद्यातले कलम १३१ तर आज नव्याने वाचण्यासारखे आहे. रेखांकित चेक ग्राहकासाठी वसूल करणाऱ्या बँकेला ते संरक्षण देते, पण तिने ते काम सद्‌भावनेने आणि निष्काळजीपणा न करता केले असेल तरच. चोरीचा चेक कुणी खाते उघडून त्यात भरला आणि ते खाते बँकेने ओळखपाळख न पाहता उघडलेले असले, तर चेकचा खरा मालक त्या बँकेच्या दाराशी जाऊ शकत होता. जुन्या खातेदाराची ओळख असल्याशिवाय नवे खाते उघडायचे नाही हा आमच्या वेळचा दंडक त्या भीतीतून आलेला होता. आज ज्यांना 'म्यूल अकाउंट' म्हणतात, त्या भाडोत्री खात्यांना कायद्याने दिलेले ते जुने उत्तर होते. मोबाईलवरून क्षणात पैसे जाऊ लागले तेव्हा ते आपण मागेच सोडून आलो.

नुकसान ज्याच्या नावे पडते तोच कुलूप सुधारतो, हे सांगणारा एक प्रयोग जगाने नकळत करून पाहिला आहे. एटीएम आली तेव्हा "मी पैसे काढलेच नाहीत" म्हणणारे ग्राहक अमेरिकेतही होते आणि ब्रिटनमध्येही. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली सिटीबँकेविरुद्धच्या एका खटल्यात न्यायालयाने यंत्राच्या नोंदीपेक्षा तक्रारदार बाईच्या शब्दावर विश्वास ठेवला. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने तर दोन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावरचा बोजा ५० डॉलरवर आणून ठेवला होता. ब्रिटिश बँका मात्र अनेक वर्षे एकच पालुपद आळवत होत्या: आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, म्हणजे पैसे तुम्हीच काढलेत. केंब्रिजशायरमधल्या एका पोलिसाने आपल्या खात्यातून पैसे गेल्याची तक्रार केली, तर १९९४ साली उलट त्यालाच फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवले गेले. अपिलात तो निर्दोष सुटेपर्यंत १९९६ उजाडले. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते हेच.

केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९३ पासून या प्रकरणांचा पिच्छा पुरवला. त्यांचा निष्कर्ष वरकरणी उलटा वाटतो. ग्राहकांवर नुकसान ढकलणाऱ्या ब्रिटिश बँकांनी सुरक्षेवर खर्च जास्त केला, आणि तरी फसवणूक त्यांच्याकडेच जास्त झाली. कारण साधे आहे. तक्रार आली की ग्राहकालाच खोटे ठरवायचे असेल, तर भोक कुठे आहे ते शोधायची गरज कुणाला?

आता आपल्या घरी येऊ. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक हा या विषयातला आपला पाया आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा मजबूत आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. त्याने कळवले असो वा नसो. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तरीही शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवले तर सामान्य बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये एवढीच झळ. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत तक्रार निकालात काढायची. आणि सर्वांत महत्त्वाचे, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. हे परिपत्रक शाखेच्या भिंतीवर लावलेले मी कुठे पाहिले नाही. लॉकरच्या भाड्याचे दर मात्र फ्रेममध्ये असतात.

न्यायालयांनी या परिपत्रकाला दात दिले. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला सांगितले. कंपनीच्या खात्याला कंपनीच्या नकळत नवे लाभार्थी जोडले गेले होते आणि पैसे त्यांच्याकडे वळले होते. बँकिंग लोकपालाने ती तक्रार फेटाळलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये भारतीय स्टेट बँकेने द्यावेत हा निर्णय कायम केला. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा म्हणून तो बोलला तो ग्राहक सेवेच्या नावाने बसलेल्या भामट्याशी. त्याने सांगितलेले ॲपही घेतले. पण चोवीस तासांत बँकेला कळवले. न्यायालयाने ग्राहकांनाही सावध राहायला बजावले. पण तेवढ्यावरून बँकेला मोकळे सोडले नाही.

इथवर चित्र बरे दिसते. पुढे रस्ता खचलेला आहे.

२०१७ चे परिपत्रक आहे ते 'अनधिकृत' व्यवहारांसाठी. चोराने परस्पर पैसे काढले, तर. पण आजचा चोर पैसे काढतच नाही. तो तुमच्याच हातून पाठवून घेतो. कधी पोलीस होऊन, कधी शेअरबाजाराचा गुरू होऊन, कधी परदेशातला मित्र होऊन. वर सांगितलेल्या शिक्षिकेची सही खरी होती, म्हणून कायद्याच्या नजरेत व्यवहार अधिकृत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ साली २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. एवढी माणसे एकाच वर्षात तिप्पट मूर्ख झाली, असे मानायला मी तयार नाही.

ब्रिटनही याच खड्ड्यात अडकला होता. जुलै २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बार्कलेज बँकेविरुद्धच्या खटल्यात सांगितले की ग्राहकाने स्वतः, स्पष्ट आदेश दिला असेल तर तो पाळणे हेच बँकेचे काम. त्यामागे फसवणूक आहे का हे शोधण्याचे कर्तव्य तिच्यावर नाही. त्या दांपत्याचे सात लाख पौंड गेले होते. जुन्या चेकच्या तर्काने हा निकाल बरोबरच होता. सही खरी, म्हणून आदेश खरा. पण कायदा जिथे थांबला तिथून नियामक पुढे गेला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अशा फसवणुकीचे पैसे ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनी परत द्यायचे असा नियम झाला. त्यातली गोम पुढे आहे. अर्धा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर आणि अर्धा पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर. चोराचे खाते ज्या बँकेत आहे ती सक्तीने हिशेबात आली. आपल्या कलम १३१ मधली कल्पनाच ही, नव्या कपड्यांत. ग्राहक पूर्ण सुटतो असेही नाही. बँक त्याच्याकडून १०० पौंडांपर्यंत वजा करू शकते, आणि त्याचा निष्काळजीपणा घोर असेल तर परतावा नाकारू शकते. वय, आजार किंवा संकटाने हतबल झालेल्यांना मात्र यातून सूट आहे.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. १६ डिसेंबर २०२४ पासून तिथे बनावट संदेश आणि संकेतस्थळांच्या फसवणुकीसाठी पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. आधी पाहायचे, बँकेने आपली ठरलेली कामे केली का? नसतील तर बँक भरेल. बँकेने केली असतील तर पाळी मोबाईल कंपनीची. दोघांनीही केली असतील, तेव्हाच नुकसान ग्राहकाचे. ऑस्ट्रेलियाने २०२५ साली केलेल्या कायद्यात बँका आणि दूरसंचार कंपन्यांबरोबर समाजमाध्यमांनाही ओढले आहे.

तिसऱ्या पक्षाला जबाबदार धरण्यात महाराष्ट्र एके काळी पुढे होता, हे आता फारसे कुणाला आठवत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांत भरपाई देऊ शकतात. २०१३ साली तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांच्यापुढे पुण्यातल्या एका उद्योगाचे प्रकरण आले. बनावट ईमेलला उत्तर दिल्यामुळे पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. निकाल असा: उद्योजक चुकला, म्हणून नुकसानाचा काही वाटा त्याचा, पण चोरांची खाती नीट न तपासता उघडली गेली, म्हणून ४५ लाख बँकेने द्यावेत. दोघांच्या चुका तराजूत घालून रक्कम विभागणारा हा निकाल ब्रिटनच्या नियमाच्या अकरा वर्षे आधीचा आहे, आणि तो मुंबईत लागलेला आहे.

याच कायद्याचे कलम ४३अ माहिती नीट न जपणाऱ्या कंपनीकडून पीडिताला भरपाई देववते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ते कलम वगळण्याची तरतूद आहे. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली आणि त्यापायी ज्याचे खाते रिकामे झाले, त्याच्या हाती त्यातला रुपयाही लागत नाही. एका प्रकरणात मी याची सविस्तर चर्चा केली आहे, कारण याचा बोभाटा व्हायला हवा तेवढा झालेला नाही.

आणखी एक गोष्ट पुण्याचीच. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. तो तोटा बँकेने सोसला, खातेदारांच्या खात्यांना हात लागला नाही. योग्यच झाले. पण गंमत पाहा. शंभर वर्षांहून जुनी बँक, तज्ज्ञ माणसे पदरी असलेली, तीही फसू शकते, तेव्हा "ओटीपी कुणी दिला?" असे तिला कुणी विचारले नाही. तिला फसवणुकीची शिकार मानले गेले. पंचाहत्तरीच्या एखाद्या बाईला तेवढी सवलत आपण देत नाही.

बँकांची बाजूही या पुस्तकात आहे, कारण मी आयुष्यभर त्याच बाजूला बसलो होतो. त्यांचे पहिले म्हणणे असे की भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. मला हे पटत नाही. परतावा मिळेल या भरवशावर कुणी आपल्या जन्माची ठेव अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. दुसरे म्हणणे, खोटे दावे येतील. येतील, विम्यात येतात तसेच, आणि ते तपासायची पद्धत बँकांना ठाऊक आहे. तिसरे म्हणणे वजनदार आहे. बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचाच पैसा, आणि जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या नागरी बँकेला दोन-तीन मोठे दावे झेपणार नाहीत. म्हणून कमाल मर्यादा हवी आणि भार दोन्ही बँकांत वाटलेला हवा. चौथी गोष्ट ग्राहकांनीही ऐकावी अशी आहे. बँकेला जबाबदार धराल तर बँक प्रश्न विचारणार, मोठा व्यवहार रोखून धरणार. ब्रिटनमध्ये संशय असल्यास चार कामकाजाच्या दिवसांपर्यंत पैसे थांबवायची मुभा दिली गेली आहे. "माझेच पैसे, तुम्ही कोण विचारणारे?" म्हणणाऱ्यांमध्ये आपणही असतो. ही कटकट म्हणजे सुरक्षिततेची किंमत आहे, आणि ती मोजायची आपली तयारी हवी.

रिझर्व्ह बँकेची पावले आता योग्य दिशेने पडत आहेत. ओळख पडताळणीचे तिचे १ एप्रिल २०२६ पासूनचे नियम सांगतात की ते न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले तर ते बँकेने कोणतीही खळखळ न करता पूर्ण भरून द्यावे. भाडोत्री खाती हुडकणारी प्रणाली तिच्याच संस्थेने तयार केली आहे. उरली ती एकच गोष्ट: चोराला खाते देणाऱ्या बँकेच्या नावे काही रक्कम टाकणे. ती टाकली की ही प्रणाली आपोआप वापरात येईल, असे माझा अनुभव सांगतो. कॅशियरच्या नावे तूट पडायची, म्हणूनच तो नोटा दोनदा मोजायचा.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात चेकपासून यूपीआयपर्यंतचा कायदा, दुसऱ्यात न्यायालयांचे निकाल, तिसऱ्यात इतर देशांचे प्रयोग, आणि शेवटी तक्रारीचे नमुने. ज्यांचे पैसे आत्ताच गेले आहेत त्यांनी शेवटापासून वाचावे, त्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, बँकेत लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. तीन दिवस मोजायला लागलेले असतात.

आणि तक्रारीत एक ओळ न विसरता घालावी: "माझे पैसे ज्या खात्यात गेले ते कोणत्या बँकेने, कोणत्या कागदपत्रांवर, कुणाला उघडून दिले, याचे लेखी उत्तर मिळावे." ओटीपीबद्दल ते तुम्हाला विचारणारच आहेत. हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारा.